यशवंताची निळी काच

फोन आला तेव्हा मी दुकानात एका मास्तरीणबाईंच्या चष्म्याची दांडी वाकवत होतो. डाव्या कानाला टोचते म्हणत होत्या. पलीकडून यशवंताच्या पुतण्याचा आवाज आला, "काका, आमचे यशवंतकाका गेले... किरनापूर रोडवर... ट्रॉलीले धडकले." मी हौ म्हटलं. कुठे नेलं, ते विचारलं. फोन ठेवला, दांडी आणखी जराशी वाकवली, बाईंच्या कानावर बसवून पाहिली, आरसा पुढे धरला. "आता बरोबर," त्या म्हणाल्या. त्या गेल्यावर शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टुलावर बसलो. किती वेळ बसलो, ते ठाऊक नाही. त्याला आता दीड महिना होऊन गेला. मी रोज दुकान उघडतो, नंबर काढतो, जेवतो, झोपतो. रडू आलेलं नाही. येईल येईल म्हणून वाट पाहिली, मग तीही सोडून दिली.

धानाच्या कापणीचे दिवस होते. पोत्यांनी भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी, मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही. दिवस नुकताच बुडाला होता, पुरता अंधारही पडला नव्हता. यशवंता किरनापूरहून एका लग्नाच्या फोटोंचं पक्कं करून स्कूटरने परत येत होता. समोरून ट्रक आला, त्याच्या लाइटने डोळे दिपले, आणि... संपलं. वैनगंगेच्या घाटावर सगळे त्या ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घालत होते. मीही मान हलवत होतो. पण त्याच वेळी त्याच रस्त्याने कितीतरी गाड्या गेल्या, त्यांना ट्रॉली दिसली. यशवंताला दिसली नाही, कारण त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्याला ते माहीत नव्हतं. मला होतं. आणि माझा धंदाच डोळ्यांचा आहे. या लेखात दुसरं काही सांगण्यासारखं नाही, पण हे एवढं सांगायला मला यशवंताचा प्रोजेक्टर सांगावा लागेल.

तो रामपायलीजवळच्या खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. शेतीत मन नाही, म्हणून बालाघाटला येऊन फोटो स्टुडिओ टाकला. माझं दुकान समोरच्या ओळीत. आमची मैत्री चहाचा एक गिलास दोघांनी वाटून पिण्यापासून सुरू झाली. मी नोकरदार मराठी घरातला, माझी भाषा जरा पुस्तकी, त्याची रांगडी. "तू बोलतं तं मले वाटते रेडिओ लागला," असं तो चारचौघांत म्हणायचा. रीळ जाऊन मोबाइल आले तसा स्टुडिओ पासपोर्ट फोटोंवर आला. कधीतरी लग्न. मग एका बंद पडलेल्या कोचिंग क्लासचा जुना प्रोजेक्टर त्याने घरी आणला, आणि त्याच्या अंगात पुन्हा वारं भरलं. मागच्या खोलीच्या भिंतीवर पडद्याचं जाड पांढरं अस्तर ताणून बसवलं. खिडक्यांवर गोधड्या ठोकल्या. त्याच्या बायकोच्या, निर्मलावहिनींच्या, चांगल्या गोधड्या! त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, मग स्वतःच एक भोक राहिलं होतं ते जुन्या लुगड्याने बुजवून दिलं.

चित्र लागलं, पण यशवंताचं समाधान होईना. काळं काळं दिसत नव्हतं, राखेसारखं दिसायचं. त्याने स्वतः काढलेला एक फोटो होता, धानाच्या बांधीतल्या चिखलात बसलेली म्हैस आणि तिच्या पाठीवर बगळा. तो लावायचा आणि पडद्याजवळ जाऊन म्हशीच्या पाठीला बोट लावायचा. "हे म्हैस हाय का गाढव हाय, सांग बे?" आठ दिवस त्याने डोकं खाजवलं, मग स्टुडिओतून फिल्टरची जुनी पेटी काढली. रिळाच्या जमान्यात ट्यूबलाइटखाली फोटो हिरवट यायचे, म्हणून कॅमेऱ्यावर गुलाबी-जांभळी काच लावत. पिवळ्या बल्बखाली पिवळे यायचे, म्हणून निळी. यशवंता मला शाळेत शिकवावं तसं सांगायला लागला, "या मशीनच्या दिव्यात हिरवं अन् निळं जास्त हाय, लाल कमी. आपण बटनं दाबून ते कमी करतो तं उजेडच कमी होते, अंधार तसाच राह्यते. काच लावली तं ते उजेडातलंबी खाते अन् अंधारातलंबी खाते. मंग बटनानं वापस वर आणाचं. समजलं?" मला अर्धं समजलं. त्याने लोणच्याच्या डब्याचं अॅल्युमिनियमचं झाकण कापून कडं केलं आणि गुलाबी काच लेन्सपुढे दोन बोटं अंतर ठेवून बसवली, दिव्याच्या उष्णतेने तडकू नये म्हणून.

पहिल्या रविवारी त्याने चार ओळखीच्यांना बघायला बोलावलं, पण रंग नीट जुळवलेच नव्हते. घाईच झाली होती त्याला. पडद्यावरच्या लग्नातली सगळी माणसं गुलाबी. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अरे, अख्खं वऱ्हाड लाजून राहिलंय की काय?" लोक खो खो हसले. यशवंता हसला नाही. त्याने मशीन बंद केलं, गोधड्या बाजूला केल्या, आणि आठ महिने माझ्याशी बोलला नाही. आठ महिने! समोरच्या ओळीत बसून. मी दुकान उघडलं की तो तोंड फिरवायचा. चहा एकट्याने प्यायचा, अख्खा गिलास. मीही कमी ताठ नव्हतो, पण सहाव्या महिन्यात माझी पार हवा निघाली. शेवटी वहिनींनी निरोप धाडला, "भाऊजी, रविवारी या. अन् तोंड सांभाळून बसा." मी गेलो. म्हैस लागली. खरंच, एवढी काळी म्हैस मी प्रत्यक्षातही पाहिली नव्हती, आणि तिच्या पाठीचा एकेक केस वेगळा दिसत होता. बगळा पांढराशुभ्र. त्याने बटणांवर आठ महिने काढले होते. "एक नंबर," मी म्हणालो, आणि ते खरं होतं. त्याने माझ्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली की हातातला चिवडा सांडला.

तेव्हापासून रविवारी दुपारी तीनला आम्ही पाच-सहा जण जमायचो. त्याच्याकडे एक रीत होती. सिनेमा संपला की गोष्टीबद्दल कोणी बोलायचं नाही. गोधड्या काढायच्या आधी तो प्रत्येकाकडे वळून विचारणार, "चित्र कसं होतं?" आणि प्रत्येकाने एकेक शब्द द्यायचा. बढिया. झकास. टॉप. माझा शब्द नेहमी शेवटी आणि नेहमी तोच, एक नंबर. सात-आठ वर्षं हे चाललं. त्या आठ महिन्यांनंतर त्या खोलीत मी दुसरा शब्द कधी उच्चारला नाही.

दोन वर्षांमागे तो कुरकुर करायला लागला. "दिवा म्हातारा झाला बे. पिवळं मारून राह्यलं." आम्हाला तर पहिल्यासारखंच दिसत होतं. नवा दिवा बसवला, तरी त्याचं तेच, पिवळं आणि मंद. मग त्याने अस्तर धुतलं. मग गुलाबी काच काढली. एका रविवारी गेलो तर लेन्सपुढे निळी काच. मशीन लागलं. बगळा निळा. सिनेमातल्या बाया निळ्या, त्यांचे दात निळे, भात निळा. धोतराला नीळ जास्त झाली म्हणजे होतं ना, तसं सगळं. यशवंता मात्र खूश. "आता पांढरं कसं पांढरं दिसून राह्यलं, नाही? मले अक्कल उशिरा आली. पिवळं होत होतं, तं निळी लावाची ना!" मग शेवटी तो वळला. बढिया. झकास. टॉप. माझी पाळी आली. मी एक नंबर म्हटलं.

पहिल्या दिवशी मला वाटलं, हा चेष्टा करतो आहे. दुसऱ्या रविवारी वाटलं, चला, एकेकाची आवड. तिसऱ्या रविवारी घरी येताना मला कळलं. मोतीबिंदू पिकत जातो तशी डोळ्यातली काच पिवळी होत जाते, हळूहळू, माणसाला पत्ताच लागत नाही. पिवळं मशीन नव्हतं, पिवळा हा होता. पडद्यावरचं चित्र तो स्वतःच्या डोळ्याला जुळवत होता, आणि बाकी आम्हा सगळ्यांना ते बिघडलेलं दिसत होतं. मी मनात म्हटलं, सांगू. सवडीने सांगू.

सवड त्यानेच दिली. गेल्या उन्हाळ्यात एक दिवस दुकानात आला आणि वाचायचा चष्मा माझ्या काउंटरवर टाकला. "घे, ठेव तुह्या चष्मा. नजर वापस आली माही." आणि माझ्यासमोरचं वर्तमानपत्र उचलून बारीक जाहिराती धडाधड वाचून दाखवल्या. दुकानातलं गिऱ्हाईक कौतुकाने पाहत राहिलं. साठी ओलांडलेल्या माणसाला चष्म्याशिवाय जवळचं वाचता येऊ लागलं की आमच्या धंद्यात आम्ही खूश होत नाही. मोतीबिंदूने डोळ्यातली काच फुगत चालली, की काही दिवस असं होतं. हे मी नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतो. मी म्हणालो, "बस, एकदा पाहून घेतो." तो म्हणाला, "तू पाहशीन अन् काही ना काही चिपकवशीन. काहून पाहू देऊ?" मी हसलो. चहा मागवला, एक गिलास, दोन वाटण्या. त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता... माझ्याकडून सांगणं झालं नाही. खरं सांगायचं तर आनंदाचंही निमित्तच. मला ते आठ महिने आठवले. या वयात पुन्हा आठ महिने समोरासमोर बसून मुके राहणं मला जमणार नव्हतं. मी त्याच्यासाठी गप्प नव्हतो, स्वतःसाठी होतो. वर्षातून दोनदा डोळ्यांच्या शिबिरात मी खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्यांना हात धरून बसवतो, "आजी, घाबरू नका, ऑपरेशन चहा थंड व्हायच्या आत होतं," असं सांगतो. यशवंताला नाही सांगितलं.

शेवटचा रविवार त्याच्या जाण्याआधी चार दिवस. त्या दिवशी बाकी कोणी आलं नव्हतं, कापणीमुळे. मी आणि तो. वहिनी आत पापड भाजत होत्या. सिनेमा संपला, तो वळला, "चित्र?" आम्ही दोघंच होतो. कोणी हसणारं नव्हतं, कोणासमोर त्याची मान खाली जाणार नव्हती. खरं ते माझ्या ओठांवर आलं होतं. मी "यशवंता," असं म्हटलंही. "बोल ना." "एक नंबर," मी म्हटलं. तो समाधानाने म्हणाला, "बाकीचे तोंडदेखलं बोलतेत, मले समजते. तू बोलतं म्हंजे पक्कं. तुह्या डोळ्यावर माह्या भरवसा हाय." मग त्याने गोधड्या काढल्या. उजेड आला तसे त्याने डोळे घट्ट मिटून घेतले आणि हाताने भिंत चाचपत दारापर्यंत गेला. तेही मी पाहिलं.

तेरवीनंतर पंधरा दिवसांनी वहिनींचा फोन आला. मशीन कसं लावायचं, ते दाखवा, म्हणाल्या. एका रविवारी तीनलाच गेलो. खोलीत धूळ नव्हती, त्या रोज झाडत होत्या. मी मशीन लावलं. बगळा निळा. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे असं निळं काहून दिसते? मी दोन वर्षं पाहून राह्यली. हे फोटोवाले, यायले जास्त समजते, म्हणून मी बोलली नाही." मी उठून कडं सैल केलं, निळी काच काढली, पेटीतली गुलाबी लावली. गुलाबी काचेसाठी बटणं किती ठेवायची ते त्याने मशीनवर पेन्सिलने लिहून ठेवलं होतं, तसं जुळवलं. बगळा पांढरा झाला. मग मी पडद्याकडे पाहत त्यांना सगळं सांगितलं. डोळ्यातली काच, वर्तमानपत्र, शेवटचा रविवार. माझा आवाज दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतो तसाच येत होता, सपाट. वहिनी पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. मला वाटलं, शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. त्या उठल्या, आत गेल्या, बराच वेळ आल्या नाहीत. मी मशीन बंद करून निघालो.

परवा दुपारी त्या दुकानात आल्या. पुतण्या बाहेर गाडीवर थांबला. तपासायच्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पाहा." मी पाहिलं. चार-पाच काचा बदलून पाहिल्या, तक्त्यावरच्या खालच्या ओळी त्यांना वाचता येईनात. टॉर्च मारली.  "वहिनी, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. उजव्यात सुरुवात. ऑपरेशन करावं लागेल, लांबवू नका. तोवर अंधारात एकट्या बाहेर पडू नका." सरळ, एका दमात बोललो.

त्या खुर्चीवरून उठल्या. मग म्हणाल्या, "यायलेबी इतकंच बोलाचं होतं, भाऊजी?"

मी हौ म्हटलं, आणि डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला घेतली.