खडकावरच्या दोन मुली

मुंबईत शिक्षिका होण्यासाठी शिकत होते तेव्हाची गोष्ट. आमच्या बाई वर्गाला चित्रप्रदर्शन दाखवायला घेऊन गेल्या. एका चित्रात समुद्र, काळे खडक आणि वाकलेल्या दोन मुली होत्या. धाकटीच्या झग्यावर निळं ठिगळ होतं. ते आमच्या आयनं लावलेलं. ती माझी बहीण होती, आणि शेजारची मी.

बाई म्हणाल्या, "बघा, कशा निर्धास्त शिंपले वेचताहेत! धाकटीचं हसू बघा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सात-आठ वर्षांपूर्वी ते चित्र काढणारा चित्रकार आमच्या गावी, उत्तनला आला होता. ओहोटीला आम्ही दोघी खडकांना चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं खायला काढत होतो. बापाची होडी मोडून पडली होती, जेवणाची भिस्त आमच्या कालवांच्या टोपलीवरच. त्यानं आम्हाला तसंच वाकून राहायला सांगितलं. बूट घातलेला माणूस, त्याला नाही म्हणायचं धाडस कुणाला होतं? थोड्या वेळानं कालवाच्या शिंपल्याच्या धारेनं धाकटीचा पाय कापला. ती रडायला लागली. मी तिला उचलायला गेले, तर तो खेकसला, "हलू नका! उजेड जातोय!"

भरतीचं पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा कुठे त्यानं सामान आवरलं. आमची टोपली रिकामीच. घरी आयनं दोघींना बडवलं.

"ती हसत न्हाय, बाई," मी म्हणाले. रागात गावची बोली तोंडात आली. "रडत होती. माझी बहीण हाय ती."

मुली फिदीफिदी हसल्या. बाई म्हणाल्या, "चित्र चित्रासारखं बघावं. आणि आधी भाषा सुधार."

दुसऱ्या दिवशी त्या चित्रावर निबंध लिहायचा होता. मी कापलेला पाय लिहिला, त्याचं खेकसणं लिहिलं. बाईंनी तांबड्या शाईनं पानभर रेघ मारली: 'पुन्हा लिही.' मी तोच निबंध शब्द न बदलता पुन्हा दिला. तिसऱ्यांदाही तोच. चौथ्यांदा त्यांनी वही हातात घेतली नाही आणि वर्षअखेर मला त्या विषयात नापास केलं.

सुट्टीत बहिणीला सगळं सांगितलं. ती मासळी सुकत घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "हसताना काढलंय? मंग ती मी न्हाय."

पुढे चर्चमध्ये पापकबुलीच्या वेळी पाद्रीबाबांना चित्रकारावरचा आणि बाईंवरचा हा राग सांगितला. ते म्हणाले, "दोघांना क्षमा कर." मी होकार दिला. केली मात्र नाही.