बिनआवाजाचा तास

माझी वहिनी भूमिती शिकवते. तिच्या आवाजामुळे पोरांनी तिचं नाव 'भोंगा' ठेवलं होतं, आणि नाव खोटं नव्हतं. ती वर्गात 'काटकोन' म्हणाली की बाहेर मैदानावर माझ्या खेळाच्या तासाला आलेल्या पोरी ताठ उभ्या राहायच्या. नणंदेच्या तोंडून वहिनीचं कौतुक सहजासहजी निघत नाही, तेव्हा हे खरंच धरून चाला.

त्याच वहिनीचा आवाज गेला. घशात गाठ निघाली, ती काढली, आणि डॉक्टरांनी बजावलं की वार्षिक परीक्षेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही आणि खडूची धूळ घशात जाऊ द्यायची नाही. हट्ट केलात तर आवाज जाईल तो कायमचा. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बोलायचं नाही, खडू धरायचा नाही, मग वर्गात उभ्या राहून करणार काय तुम्ही? रेकॉर्ड रूममध्ये बसा. जुनी कागदपत्रं लावायचीच आहेत."

आमच्या शाळेत रेकॉर्ड रूममध्ये गेलेला शिक्षक पुन्हा वर्गात आलेला कुणी पाहिलेला नाही. वहिनी घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

टॅबलेटचं सुचलं ते माझ्या आईमुळे. संस्थेने मोठ्या हौसेने टॅबलेट घेतले होते आणि प्रत्येक शिक्षकाच्या गळ्यात एकेक मारला होता. जाड, जड, सुरू करून अंघोळीला गेलं तरी चालेल इतके संथ. पेनाने लिहायचं आणि ते प्रोजेक्टरमधून भिंतीवर उमटायचं, एवढंच त्यांना यायचं. खेळ नाहीत म्हणून पोरांना नकोत, कटकट म्हणून शिक्षकांना नकोत. बनवणाऱ्या कंपनीनेही गाशा गुंडाळला. 'पाटा' हे नाव त्यांना वहिनीनेच दिलं होतं, तेही स्टाफरूममध्ये, भरसभेत, पूर्ण आवाजात. तिचा पाटा घरी दादाच्या शिलाई मशीनखाली धूळ खात पडला होता. ऑपरेशननंतर दादाने तो पुसून तिच्या हातात दिला, काही हवं-नको असेल तर लिहून दाखवायला.

आई ठार बहिरी. घरात एकीला ऐकू येत नाही, दुसरीला बोलता येत नाही, मधल्या मध्ये दादाचं सँडविच. एका संध्याकाळी मी घरी आले तर सासू-सुनेचं भांडण रंगात आलेलं. वहिनी लिहीत होती, "डॉक्टरांनी सांगितलंय, मीठ कमी खा," आणि आई वाचून तोंडाने फटाफट उत्तरं देत होती. शेवटी आईने अख्खा तळहात पडद्यावर टेकवला. पाट्याची ही आणखी एक खोड, पूर्ण तळहात टेकला की पान कोरं. "पुसलं की मिटलं," आई म्हणाली.

वहिनी त्या कोऱ्या पानाकडे बघत राहिली. मग तिने माझ्यासाठी लिहिलं, "वर्गात असंच भांडता येईल का?"

आम्ही विनवल्यावर मुख्याध्यापकांनी पारख करायला एकच तास दिला. सातवी ब, म्हणजे शाळेचा गाळ असं स्टाफरूममध्ये म्हणतात. मी म्हणत नाही. ते स्वतः शेवटच्या बाकावर बसणार होते. मला दाराशी बसू दिलं, पण अटीवर. "तुम्ही एक शब्द काढायचा नाही. तुमच्या धाकाने वर्ग गप्प बसला तर त्याला बाईंचा तास म्हणायचं का?" मी ओठ दाबून बसले.

भिंतीवर पहिली रेघ उमटली तेव्हा सगळ्यांनी माना उंचावल्या. तिने त्रिकोण काढला, कोनांना नावं दिली. पेन पुढे जायचं, भिंतीवरची रेघ मागून रेंगाळत यायची. त्या रेंगाळण्याने माझा जीव खालीवर होत होता. पोरं किती वेळ दम धरणार? मागून आवाज आलाच. "भोंगा बंद पडला रे!"

वर्गात हशा पिकला. वहिनीचे कान लाल झाले, पण पाटा हातावर धरून ती बाकांमधून चालत गेली आणि त्या पोराशेजारी उभी राहून पुढचा कोन लिहू लागली. फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पाठ व्हायची, इथे तसं नव्हतं. पोराने हसू गिळलं. मला वाटलं, जमलं.

आणि तिथेच घात झाला. घाईत तिने एक आकडा चुकीचा लिहिला आणि तो पुसायला सवयीने तळहात फिरवला. सगळी नोकरी तिने फळ्यावर तसंच पुसत काढली होती, हाताला काय ठाऊक? भिंत पांढरीफटक. त्रिकोण नाही, कोन नाहीत, काही नाही.

काय आरडाओरडा झाला! कुणी बाक वाजवायला लागलं, कुणी शिट्टी घातली. मागे टिपणं घेत बसलेल्या मुख्याध्यापकांनी आपल्या पेनाला टोपण लावलं. वहिनीने छाती भरून श्वास घेतला, मानेची शीर तटतटली, तोंड उघडलं. हा श्वास मला चांगला माहीत आहे. त्याच्यामागून काय येतं तेही. बोलू नकोस, वहिनी, जन्मभराची मुकी होशील. पण बोलू नकोस हे सांगायला मलाही बोलायची बंदी!

तिने तोंड मिटलं. डोळ्यांत पाणी आलं ते मी पाहिलं. मग ती 'रेडिओ'च्या बाकाशी गेली. रेडिओ म्हणजे अखंड बडबडणारी पोरगी, सगळ्या शिक्षकांची डोकेदुखी. तिच्यापुढे पाटा ठेवला, हातात पेन दिलं आणि रिकाम्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"मी काढू? मी?" रेडिओने वाकडातिकडा त्रिकोण काढला. एका कोनात सत्तर लिहिलं, दुसऱ्यात साठ. "आणि तिसरा हो, बाई?"

वहिनीने फक्त भुवई उडवली.

"चाळीस!" कुणीतरी ओरडलं. "पन्नास, गाढवा!" दुसरं ओरडलं. जुंपली. वहिनीने पेन घेऊन त्रिकोणाखाली लिहिलं, "कशावरून?" मग कागदाचा एक त्रिकोण फाडला, त्याचे तिन्ही कोपरे वेगळे केले आणि भोंगा म्हणणाऱ्या पोराच्या हातात दिले. तो ते बाकावर जुळवत बसला. त्याच्या डोक्यावर अर्धा वर्ग ओणवा. "अरे, सरळ रेघच होतेय की!" तो म्हणाला. मग प्रत्येकाला आपापला कागद फाडून बघायचा होता. गोंगाट पहिल्याइतकाच होता, पण आता सगळी भांडणं त्रिकोणावरून चालली होती.

घंटा झाली. मुख्याध्यापक उठून पुढे आले आणि प्रोजेक्टरसमोर उभे राहिले. "बाई, बोलली ती सगळी पोरंच. तुम्ही शिकवलं काय यात? आणि हे यंत्र तुम्हालाच आवरत नाही. उद्या रेकॉर्ड रूमची किल्ली घेऊन जा."

"सर, तुम्हाला दिसलं नाही का..." मी उठलेच.

"तुम्हाला गप्प बसायला सांगितलं होतं."

वहिनीने आमच्या दोघांकडेही पाहिलं नाही. ती पाट्यावर लिहीत होती. अर्धी अक्षरं भिंतीवर आणि अर्धी मुख्याध्यापकांच्या पांढऱ्या शर्टावर उमटली. उद्या चौकोन. पट्टी, कंपास आणणे.

मधली सुट्टी झाली होती. बाहेर बाकीच्या वर्गांचा धुडगूस ऐकू येत होता. सातवी ब मधलं एकही पोर उठलं नाही. सगळ्या माना खाली, सगळे उतरवून घेत होते.

"बाई, कोनमापक पण आणायचा?" रेडिओने विचारलं. वहिनीने मान हलवली.

मुख्याध्यापक काही बोलणार, इतक्यात मागच्या बाकावरून एक वैतागलेला आवाज आला. "सर, जरा बाजूला व्हा ना. बाईंचं दिसत नाही."

मुख्याध्यापक बाजूला झाले.