जपानहून आलेलं पार्सल आणि माझं एक वाक्य

“साहेब, हे पार्सल मला नको. परत पाठवा,” प्रमोद म्हणाला.

मी खिडकीच्या आत होतो, तो बाहेर. मधल्या लाकडी फळीवर बुटाच्या खोक्याएवढं पार्सल होतं. त्यावर जपानी तिकिटं होती आणि मुंबईच्या कस्टमची चिकटपट्टी. याच पार्सलसाठी हा मुलगा महिनाभर दर दोन दिवसांनी खिडकीशी येऊन उभा राहिला होता. आणि आता ते हातभर अंतरावर आलं, तर नको म्हणत होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मुक्ताईनगर आणि बोदवडच्या मधल्या पट्ट्यातल्या एका उपडाकघरात मी पोस्टमास्तर होतो. गावाचं नाव सांगत नाही. माणसं अजून हयात आहेत आणि मी या प्रकरणात एकदा जास्त बोललो आहे, तेवढं पुरे.

प्रमोद शेजारच्या खेड्यातला. घरी केळीची बाग. तो जळगावच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता, रोज पॅसेंजरनं अप-डाऊन करायचा. कंपनीनं त्याला सहा महिने जपानला ट्रेनिंगला पाठवलं होतं. परत आल्यावर आसपासच्या दहा गावांत त्याचा भाव वधारला होता आणि धुळे तालुक्यातल्या एका घरात त्याचं लग्न ठरत आलं होतं.

“नक्की नको?” मी विचारलं.

“नको.”

मी इंटिमेशनचा कागद पुढे सरकवला. परदेशी पार्सल मुंबईत कस्टमवाले उघडतात, आत काय आहे त्याची यादी करतात, ड्युटी लावतात आणि पुन्हा बांधून आमच्याकडे धाडतात. आम्ही ज्याचं त्याला कागद पाठवून कळवतो. त्यानं ड्युटी भरून पार्सल न्यायचं, नाहीतर ‘घेण्यास नकार’ लिहून सही करायची. मग आमच्या भाषेत ते ‘रिफ्यूज्ड’ होतं आणि जिथून आलं तिथं परत जातं. प्रमोदनं सही केली. अक्षर एरवी छापल्यासारखं, त्या दिवशी ओळ खाली उतरली होती.

ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं. मी त्याला आत बोलावून स्टुलावर बसवलं आणि विचारलं, की बाबा, आहे तरी काय यात?

त्यानं सांगितलं ते असं. जपानमध्ये भाषा येत नव्हती. संध्याकाळी कारखान्याच्या वसतिगृहात करायचं काय? खानावळीत टीव्ही असायचा. त्यावर एका गायिकेचे जुने कार्यक्रम लागायचे. तिकडे अशा तरुण गायिकांना आयडॉल म्हणतात. त्यांची पुस्तकं निघतात, फोटो विकतात, लोक ते जपून ठेवतात. ही बाई ऐन भरात असताना गाणं सोडून निघून गेली होती, त्याला दहाएक वर्षं झाली होती. शब्द एक कळत नव्हता, पण तिचं गाणं लागलं की घरची आठवण जरा कमी व्हायची, असं प्रमोद म्हणाला. तिथल्या फोरमननं त्याला कॅसेट भरून दिली. जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यानं तिचं पुस्तक चाळलं होतं, पण हात आखडता घेतला आणि न घेताच परत आला. त्याची रुखरुख राहिली.

मग जळगावात सायबर कॅफे निघाला. आता हे तरुणांना सांगायला नको, पण तेव्हा इंटरनेट म्हणजे फोनची तार जोडायची, ती खरखर करायची, आणि एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. प्रमोद दर रविवारी तिथं जाऊन बसे. जपानी अक्षरांच्या जागी पडद्यावर नुसते चौकोन दिसायचे. शेवटी टोकियोतल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानाचं इंग्रजी पान सापडलं. त्यांना ई-मेल केली. उत्तर आठवड्यानं आलं, सोबत वस्तूंची यादी. पैसे तिकडे भरायचे कसे, हा प्रश्न होता. परदेशात चालेल असं कार्ड आपल्याकडे कोणाकडे होतं? ते त्याच फोरमननं भरले. प्रमोदनं बदल्यात त्याला पितळी गणपती आणि केळीचे वेफर्स पाठवले. ते पार्सल मीच बुक केलं होतं. वेफर्स मोडतील असं मी म्हणालोही होतो.

“मग यात काय आहे नेमकं?”

“एक पुस्तक. एका कार्यक्रमाची पुस्तिका. आणि चोवीस टेलिफोन कार्डं. तिकडे बूथवर नाण्याऐवजी कार्ड टाकतात, त्यावर तिचा फोटो असतो. वापरलेलीच आहेत, भोकं पडलेली. बोलणं संपलेली. ती स्वस्त मिळतात.”

“मग नको का?”

“मुलीकडच्यांना कोणीतरी सांगितलं, की मला जपानहून बाईचे फोटो येतात. त्यांनी बोलणी थांबवली. मी वडिलांना, नानांना सांगितलं, की ती गायिका आहे. नाना म्हणाले, गायिका असो नाहीतर राणी असो, ते खोकं घरात आणायचं नाही.”

मी मान डोलावली. ते ‘कोणीतरी’ म्हणजे मी.

झालं होतं असं. आमच्याकडे सोयरीक जुळवायच्या आधी मुलाची चौकशी करतात. शेती किती, पाणी किती, दारू पितो का, हे तर विचारतातच. पण जाणता माणूस पोस्टातही डोकावून जातो. मुलाला पत्रं कुठून येतात, कोर्टाचं काही येतं का, कुठं मनीऑर्डर जाते का, हे पोस्टमास्तरशिवाय कोणाला ठाऊक? सांगणं गुन्हा आहे. नोकरीला लागताना आम्ही तशी शपथ घेतो. एरवी मी अशा माणसाला चहा पाजून वाटेला लावत असे.

पण त्या सोमवारी मुलीचे वडील, आबा, आले. ते धुळ्याकडचे. मीही तिकडचा. या पूर्व भागातली बोली वेगळी. चार वर्षं माझ्या कानावर माझी भाषा पडली नव्हती. आबा फळीवर कोपर टेकून म्हणाले, “मास्तर, पोर देनी शे. बठ्ठं खरं सांगा.” मुलगी द्यायची आहे, सगळं खरं सांगा. आणि मी विरघळलो. मुलगा गुणी आहे, निर्व्यसनी आहे, हे सांगून थांबलो असतो तर बिघडलं नसतं. पण मला वाटलं, मुलाची आणखी जरा वट वाढवावी. पार्सल त्याच सकाळी आलं होतं. मी फुशारकीनं म्हणालो, की अहो, त्याला जपानहून पार्सलं येतात.

“काय शे त्याम्हा?”

कस्टमची यादी समोरच चिकटवलेली. मी वाचून सांगितलं, की एक पुस्तक आणि फोटो.

“कोना फोटो शेतस?”

“एका बाईचे,” मी म्हणालो. यादीत तेवढंच लिहिलं होतं. म्हणता क्षणी मला कळलं की चुकलं. आबांनी टोपी नीट केली आणि ते निघून गेले. आमच्याकडे लग्नाच्या गोष्टीत बाईचा फोटो पोस्टानं येतो, तो एकाच कारणासाठी, स्थळ म्हणून. सहा महिने परदेशात राहिलेल्या मुलाला तिकडून असे फोटो येतात, याचा अर्थ त्यांनी लावला तो कोणीही लावला असता. तिकडे याचं काहीतरी आहे.

हे सगळं मला त्या शुक्रवारी, प्रमोद समोर स्टुलावर बसला होता तेव्हाच, त्याला सांगता आलं असतं. नाही सांगितलं. धीर झाला नाही. शिवाय खात्याची चौकशी झाली तर बढती जाईल, हाही विचार आला. खोटं कशाला बोलू?

नकाराची बातमी नानांनी त्याच संध्याकाळी फोनवरून आबांना कळवली. आबांचं समाधान झालं. बोलणी पुन्हा सुरू. दोन्ही घरं खूश. पार्सल मात्र माझ्या टेबलाखाली पडून होतं. परदेशी वस्तू परत पाठवायची तर दोन प्रतींत फॉर्म भरावा लागतो. तो दहा मिनिटांत होतो, पण माझा हात चालेना. सोमवारच्या बॅगेत टाकू, असं मी ठरवलं. आमची बॅग साडेचारला बंद व्हायची.

शनिवारी दुपारी एक मुलगी खिडकीशी आली. खांद्याला पर्स, हाताला खडू लागलेला. तिनं नाव सांगितलं, मनीषा. आबांची मुलगी, जळगावला शाळेत शिकवते. सकाळची शाळा सुटल्यावर थेट आली होती.

“काका, प्रमोदचं पार्सल परत गेलं का?”

“ते मला सांगता येणार नाही,” मी म्हणालो. “नियम आहे.”

“माझ्या वडिलांना सांगितलंत, तेव्हा नव्हता?”

पण ती ताणून धरणारी नव्हती. तिनं शांतपणे सांगितलं, की पाहण्याच्या कार्यक्रमात दोघांना मागच्या खोलीत दहा मिनिटं बोलायला दिली होती. त्यातली सात मिनिटं प्रमोद त्या गायिकेबद्दल आणि सायबर कॅफेतल्या चौकोनांबद्दल बोलत होता. तिला ते आवडलं होतं. म्हणजे फोटोंचं तिला आधीपासून ठाऊक होतं, आणि घरात तिला कोणी विचारलंच नव्हतं.

“एक पोस्टकार्ड द्या,” ती म्हणाली.

“अंतर्देशीय घे, बेटा. पोस्टकार्ड उघडं असतं. प्रमोदच्या खेड्यातला पोस्टमास्तर किराणा दुकान चालवतो. गिऱ्हाईकांना वाचून दाखवतो तो.”

“म्हणूनच पोस्टकार्ड.”

तिनं तिथंच फळीवर उभ्यानं लिहिलं. पत्ता घरचा, कारखान्याचा नाही. ती गेल्यावर मी कार्डावर शिक्का मारला. वाचायचं नसतं. मी वाचलं.

“प्रमोद यांस, तुम्ही पार्सल नाकारल्याचं वडिलांकडून कळलं. मला फोटो चालतील. मोठ्यांनी डोळे वटारले म्हणून आवडीची गोष्ट नको म्हणणारा माणूस मात्र चालणार नाही. उद्या मला कोणी नको म्हटलं, तर तुम्ही कुठं सही कराल? मनीषा.”

रविवार मी कसाबसा काढला. सोमवारी सकाळी ते कार्ड खेड्याच्या थैलीत घातलं. अकराच्या सुमारास तिथं पोचलं असणार. प्रमोद तर कारखान्यात, संध्याकाळी सातला घरी येणार. साडेचारला माझी बॅग बंद. हे गणित मला शनिवारीच कळत होतं. पार्सल एक दिवस आणखी थांबवलं तर विचारणारं कोणी नव्हतं, पण मी नियम मोडूनच इथवर आलो होतो. आणखी एक मोडायचा नाही असा हट्ट धरला होता. तो शहाणपणा होता की भित्रेपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन वाजता मी फॉर्म भरला आणि पार्सलला परतीची चिठ्ठी लावली.

पण किराणा दुकानात एसटीडी बूथही होता. कार्ड घरी पोचायच्या आधी मजकूर सगळ्या गावात पोचला आणि त्यातल्याच कोणीतरी कारखान्यात फोन लावला. सव्वाचारला प्रमोद दारात. स्टेशनपासून चालत नाही, पळत आला होता. त्याच्यामागे पाच मिनिटांनी नाना आले, सायकलवरून. त्यांच्या हातात ते पोस्टकार्ड होतं.

“साहेब, पार्सल आहे?”

“आहे. पण तू नकार दिलाय.”

“नकार मागे घेतो. कुठं लिहू?”

मी कोरा कागद दिला. वस्तू ऑफिसातून हलली नसेल तर अर्ज घेता येतो. नाना दारातूनच म्हणाले, “लोकं काय म्हनतीन, याचा विचार केला का तू?”

प्रमोद लिहायचा थांबला नाही. “नाना, लोकांनी कार्ड वाचलंय. आता म्हणायचं राहिलंय काय? हे माझं आहे, मी नेणार.”

ड्युटी भरून त्यानं पावतीवर सही केली. ओळ या वेळी सरळ होती. मग तिथंच पट्टी फाडून त्यानं एक कार्ड काढलं आणि वडिलांच्या हातात दिलं. नानांनी ते लांब धरून पाहिलं. साध्या पांढऱ्या कपड्यांतली, माईक धरलेली बाई. कडेला बारीक भोकांची ओळ.

“गाते का हे?”

“गायची. आता सोडलं.”

नानांनी कार्ड परत दिलं. बाहेर जाऊन ते सायकल धरून उभे राहिले. पोराची वाट पाहत होते.

तेव्हा मी प्रमोदला सांगितलं. आबांना मीच बोललो, माझ्या तोंडून गेलं. तक्रार करायची तर अर्जाचा नमुना मीच देतो, हेही म्हणालो. बोलताना मला त्याच्याकडे पाहवेना.

“मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, साहेब,” तो म्हणाला. “ती यादी दुसऱ्या कोणी वाचली असणार?”

त्यानं तक्रार केली नाही. लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. मला पत्रिका आली, ती पाकिटात होती आणि पाकीट नीट चिकटवलेलं होतं. मी मांडवात गेलो. आबांनी शेजारी बसवून जेवू घातलं, पार्सलचा विषय काढला नाही.

पुढे निवृत्तीपर्यंत चौकशीला माणसं येत राहिली. मी चहा पाजत राहिलो. नवीन लागलेल्या कारकुनांना मी एवढंच सांगायचो, की पोस्टातून बातमी फुटली तर ती कोणी फोडली हे गावाला शोधावं लागत नाही. गाव फक्त आपण कधी कबूल करतो, याची वाट पाहत असतं.