मेलेल्या मिक्सरांचे वाहतूक नियंत्रक

कोल्हापुरात मेलेल्या मिक्सरला जो मान माझ्या बायकोच्या थोरल्या मामांकडे मिळतो, तो जिवंत जावयालाही मिळत नाही. हे मी जावई या नात्याने, पूर्ण अधिकाराने सांगतो. मी गेलो की मामा म्हणतात, "या जावईबापू, बसा कुठंतरी," आणि ते कुठंतरी मला शोधावं लागतं, कारण खुर्चीवर गल्लीतल्या कुणाचा तरी बंद पडलेला टीव्ही बसलेला असतो. मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत विजेचं कुठलंही यंत्र निवर्तलं की थेट मामांकडे येतं. मामा ते पुसतात, वायर गुंडाळून नाडीने बांधतात, रिमोटमधले सेल काढून बरणीत टाकतात आणि वर पुठ्ठ्याची पाटी लावतात: कुठून आलं, कुठं जाणार. उभी हयात बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. "पाटी न्हाई ती गाडी हलायची न्हाई," हा बाणा निवृत्तीनंतर इस्त्र्या आणि चार्जर यांना लागू झाला.

हे वेड लागलं तो दिवस मला आठवतो. घरचा जुना टीव्ही त्यांनी भंगारवाल्याला दिला, आणि तो कुठं जातो बघू म्हणून स्कूटरवरून हातगाडीचा पाठलाग केला. संध्याकाळी परतले ते नाकपुड्या काळ्या करून. कुठल्याशा ओढ्याकाठी भंगारवाले तांब्यासाठी वायरी जाळत होते, टीव्हीची काच फोडून पाण्यात लोटत होते. "आपला टीव्ही गेला न्हाई जावईबापू, धूर हून परत आला की!" दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत असली यंत्रं रीतसर सुटी करणारा परवानाधारक कारखाना सापडला, तेव्हा पोरीसाठी स्थळ बघावं तशी मामांनी त्याची चौकशी केली. काच कुठं जाते, पत्रा कुठं जातो, पाण्याचं काय करता? मॅनेजरने आधी खुर्ची दिली, मग चहा दिला, शेवटी हात जोडले. तेव्हापासून दर महिन्याला टेम्पो भरून वरात निघते, आणि वरातीच्या पुढं स्कूटरवर मामा.

गेल्या मे महिन्यात, डांबर वितळेल अशा दुपारी मी सहज गेलो, तर मामी दारातच. "जावईबापू, ह्यांच्या कपाटातनं कसलातरी गोडसर वास येतोय. आन् हे किल्ली देईनात!" मामा कपाटाला पाठ लावून उभे. मी जावईपणाचा सगळा दाब वापरून किल्ली घेतली. आत, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक जुना मोबाइल. पाठीचं झाकण उचकटून बॅटरी टम्म फुगलेली.

"माझी भाकरी कधी एवढी फुगली न्हाई," मामी म्हणाली खरी, पण दोन पावलं मागे सरली. कपाटाला लागूनच गल्लीभरच्या वस्तूंचा, पुठ्ठ्यांचा आणि प्लॅस्टिकचा ढीग. एक ठिणगी पुरे होती. शेजारच्या वहिनी ओरडल्या, "घंटागाडीत टाका!" त्यासरशी मामा जागे झाले. "घंटागाडीत दाबला तर गाडी पेटंल! कुणी हात लावू नका, दाबू नका, चार्जिंगला लावू नका!" पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू आली, फोन अलगद त्यात निजला, वर पुन्हा वाळू. झाकण नुसतं टेकवलं, घट्ट केलं नाही.

"गल्लीला शहाणपण शिकवायचं आन् आपलं कपाटात लपवायचं," मामी म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच, "महापुरातला फोन हाय त्यो." त्या साली ती माहेरी चिखलीला अडकली होती, खाली पाणी, वर माळ्यावर सारं घर. मामा इकडे स्थानकावर, बस सगळ्या बंद. दोघांच्या फोनांत चिमूटभर चार्जिंग. मामा 'हाईस न्हवं?' विचारायचे, ती 'हाय' म्हणायची आणि ते लगेच ठेवायचे. पुढचं बोलणं बॅटरीला परवडणारं नव्हतं. "मी जिती हाय की हितं! फोन कशाला सांभाळायचा?" मामांनी डबा उचलला. "गाडी काढा," एवढंच मला म्हणाले.

मी स्कूटर चालवतोय, मागे मामा, मांडीवर डबा. कावळा नाक्याच्या गर्दीत एक रिक्षा आडवी आली. मी ब्रेक दाबला आणि माझ्या पाठीला पत्रा टेकला. "मामा, तापलाय काय हो?" "तुमी म्होरं बघा!" प्रत्येक गतिरोधकावर मी श्वास रोखत होतो. पंचगंगेच्या पुलावर खाली नदी अशी शहाण्यासारखी वाहत होती, की जणू तिने जन्मात कुणाचं काही बुडवलं नव्हतं. मामा पूल संपेपर्यंत तिच्याकडे बघत होते.

फाटकावर पहारेकरी म्हणाला, "आजचं घेणं बंद झालं, उद्या या." आयुष्यभर प्रवाशांना हेच ऐकवलेले मामा गडगडले, "पावणं, ही गाडी माघारी न्हेता येत न्हाई!" आवाज ऐकून जाड हातमोजे घातलेली एक बाई आतून धावत आली. झाकण उचलून तिने डोकावलं आणि डब्याची कडी धरली. पण मामा कडी सोडेनात. दोघांच्या मध्ये तो डबा लोंबकळत राहिला आणि माझा जीव टांगणीला.

"काका, सोडा."

"जरा थांबता येत न्हाई?"

"फुगलेलं थांबत न्हाई, काका."

मामांनी बोटं एकेक करून सोडली. बाई डबा घेऊन चटचट आत गेली आणि मामा रिकाम्या हातांचं काय करायचं ते न कळून उभे राहिले.

आम्ही परतलो. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मामा म्हणाले, "थांबा जरा." नवा फोन काढला, लावला. समोर पन्नास पावलांवर, दारात मामी उभी होती. तिने तिथूनच फोन कानाला लावला. "अवो, दिसतायसा की! फोन कशाला?"

"उगंच. बोल की कायतरी."

मामी सुरू झाली. कपाट किती घाण आहे, शेजारच्या वहिनींनी काय तारे तोडले, वांगी किती किडकी निघाली. मामा नुसते ऐकत होते. ठेवायची घाई नव्हती. मी स्कूटर बंद केली.