विगोचा थरथरता हात

डेन्मार्कमध्ये, ऑरहूसमधल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गुद्रुन थ्यूगेसन राहते. विद्यापीठात पुराव्याचा कायदा शिकवते आणि ब्रिज या पत्त्यांच्या खेळात तीनदा देशाची विजेती आहे. जिन्यात सायकल लावली म्हणून तिने मला एकदा कलमांसकट झापलंय. तेव्हा मी तिच्याबद्दल बरं बोलतोय ते नाइलाजाने, असं समजा.

तिचा जोडीदार विगो, निवृत्त बेकरीवाला. तीस वर्षं दोघं एकत्र खेळतायत. लग्नं दोघांचीही तेवढी टिकली नाहीत. गेल्या वर्षी विगोला कंपवात झाला. मग क्लबचा अध्यक्ष प्रेबेन याचं पत्र आलं : चांगले पत्ते आले की विगोचा हात जास्त थरथरतो, त्यातून गुद्रुनला खूण मिळते, सबब अंतिम फेरीत तिने दुसरा जोडीदार घ्यावा.

"जाऊ दे गं," विगो म्हणाला. "मी बसतो घरी."

"तू गप्प बस. तू पुरावा आहेस."

कमिटीच्या बैठकीला मीही गेलो, केक पोचवायला. केक कोणी मागवला नव्हता. गुद्रुनने पत्त्यांचा जोड टेबलावर आपटला. "दहा वेळा वाटा. विगो पत्ते उचलेल. तुम्ही पाचजण फक्त त्याचा हात बघा आणि लिहा, पत्ते चांगले की वाईट."

"हा काय तुझा वर्ग वाटला?" प्रेबेन म्हणाला.

"माझ्या वर्गात एवढी ढ मुलं नसतात."

लिहिलं बिचाऱ्यांनी. सगळ्यात हुशार निघाला त्याचे दहापैकी पाच बरोबर. प्रेबेनचे तीन.

"तरीपण," प्रेबेन घसा खाकरत म्हणाला, "ते बरं दिसत नाही."

"आता खरं बोललास. 'बरं दिसत नाही' हे कलम दाखव, आत्ता उठते."

नियमांचं पुस्तक बराच वेळ चाळलं गेलं. तोवर मी केक कापला. पत्र मागे घ्यावं लागलं.

अंतिम फेरीत नेमका प्रेबेनच त्यांच्या टेबलावर आला. विगोच्या हाताकडे इतका टक लावून बसला की हुकुमाचे पत्ते किती पडले ते मोजायचंच विसरला, आणि जिंकलेला डाव घालवून बसला.

"काही तक्रार?" गुद्रुनने विचारलं.

नव्हती.

शेवटी निकालाच्या कागदावर सह्या. विगोचं पेन कागदावर नुसतं नाचत होतं. प्रेबेन हळूच म्हणाला, "तूच कर ना त्याच्या वतीने. लोक ताटकळलेत."

"त्याला हात आहे," ती म्हणाली, आणि विगोची सही पुरी होईपर्यंत तिने अख्खा हॉल उभा ठेवला.