वर्लीनचं एक मत

माझी थोरली जाऊ वर्लीन उनराऊ. तिच्याबद्दल आमच्या गावात कुणालाही विचारा, चांगलंच ऐकाल. मी सांगायला लागले तर सांगण्याला थोडा जळका वास येईल, तेवढा सोसून घ्या.

हार्लन आणि मेर्ल हे दोघे भाऊ. थोरल्याची ती, धाकट्याचा हात धरून आलेली मी, लुएला. कॅन्ससच्या सपाट रानात आमची दोन घरं समोरासमोर, मधे गव्हाचं एकच शेत. मी या घरात आले तेव्हापासून जे जे करायला जावं ते वर्लीननं आधीच करून ठेवलेलं असायचं, आणि माझ्यापेक्षा चांगलं. आमच्याकडे बनावर छोटा बन बसवून भाजतात. तिचे बन ताठ उभे राहायचे. माझ्या बनांची डोकी दारू प्यायल्यासारखी एका बाजूला कलायची.

आणि चर्चमधला बायकांचा बायबलचा वर्ग! बावीस वर्षं तो तिच्याकडे होता. मी तिसऱ्या खुर्चीवर वही घेऊन बसायचे आणि मनात म्हणायचे, हे मीही सांगू शकले असते.

आमच्या भागात आजोबा-पणजोबांपासून सगळे रिपब्लिकन पक्षाला मत देतात. डेमोक्रॅट मोजकेच, आणि ते कोण हे सगळ्यांना ठाऊक. हार्लन तर पक्षाच्या स्थानिक समितीवरच होता. निवडणूक आली की वर्लीन घरोघर फोन करायची आणि तिच्या फाटकावर पक्षाची पाटी सगळ्यांच्या आधी लागायची.

त्या वर्षी पाटी लागली नाही.

मी तिच्याकडे आलुबुखार बरण्यांत भरायला गेले होते. न राहवून विचारलं, "काय गं, पाटी वाऱ्यानं उडाली की काय?"

"नाही. लावलीच नाही." तिनं चमचा खाली ठेवला. "लुएला, एक पक्ष पोटातल्या बाळासाठी लढतो आणि सीमेवर आलेल्या बाळाला हाकलतो. दुसरा सीमेवरच्याला जवळ घेतो, पोटातल्याचं नावही काढत नाही. आणि लढाई करायची म्हटलं की दोघेही तयार. आपले पणजोबा तर बंदूक धरणं धर्मात बसत नाही म्हणूनच देश सोडून इथं आले होते."

"अगं, म्हणून घरी बसणार का?"

"नाही. एक लहानसा पक्ष आहे. मला पटतं ते बरंचसं त्यांच्याकडे आहे. त्यांना मत देईन."

"जिंकणार आहेत का ते?"

"छे गं, कुठले!"

"मग मत मातीत घातलंस की!"

"घातलं असेल," ती म्हणाली. "पण गेल्या खेपेला मत देऊन आले आणि तीन दिवस मला प्रार्थना करता आली नाही. ते मला पुन्हा नको."

मला काय झोंबलं सांगू? तिचं राजकारण नाही. इतकी वर्षं मीही नाक मुठीत धरूनच मत देत आले होते, आणि घरी येऊन सरळ जेवायला बसत होते. देवानं तिचं मन एवढं हळवं केलं, मग माझं का नाही? टोचणीसुद्धा तिलाच द्यायची होती? आणि ते बोलताना तिचा चेहरा इतका शांत होता की, मला त्या बरणीवर झाकण आपटून लावावंसं वाटलं. लावलंही.

निवडणुकीनंतरच्या गुरुवारी आमच्या साप्ताहिकात भागवार आकडे छापून आले. आमच्या भागाची एकशे एकेचाळीस मतं. एकशे अठरा एका बाजूला, बावीस दुसऱ्या बाजूला आणि एक त्या लहान पक्षाला. धान्याच्या कोठारापाशी कॉफी पिणाऱ्या म्हाताऱ्यांना आठवडाभर पुरेल एवढा विषय मिळाला. "हा कोण शहाणा?" म्हणून पैजा लागल्या.

शनिवारी चर्चच्या तळघरात आम्ही गोधडी शिवत होतो. माझ्या शेजारी जिनीव्हा श्राग, चर्चच्या पंचमंडळातल्या श्रागची बायको. तिनं हळूच विचारलं, "ते एक मत कुणाचं असेल गं?"

मी गप्प बसू शकले असते. पण म्हणाले, "मला काय माहीत? वर्लीनच्या फाटकावर यंदा पाटी नव्हती, एवढं मात्र पाहिलं." आणि सुईत दोरा ओवायला लागले.

पुढच्या आठवड्यात पंचमंडळातले तिघे आणि पास्टर कूप तिच्या घरी गेले. पास्टर म्हणाले, "वर्लीन, मत गुप्त असतं. तुम्ही सांगायलाच हवं असं नाही."

"तुम्ही विचारलंत ना पास्टर? मग खोटं कशी बोलू? माझंच आहे ते."

कुणी आवाज चढवला नाही. फक्त, थोडे दिवस वर्गातून विश्रांती घ्या, लोकांची मनं निवू देत, असं सुचवलं. वर्ग माझ्याकडे आला.

मिळालं एकदाचं! शनिवार-शनिवार मी टेबलावर पुस्तकं मांडून तयारी करायचे. पण अठरा बायकांच्या अकरा झाल्या. कुणाचा गुडघा, कुणाची सून बाळंत. उरलेल्या भल्या होत्या, पण दर दहा मिनिटांनी कुणीतरी म्हणायचंच, "वर्लीननं हे असं सांगितलं होतं, नाही का?" तिच्या घरीही कुरबूर झाली होती. हार्लननं समिती सोडली, लोक हसतात म्हणाला, आणि बायकोशी त्या विषयावर बोलणंच बंद केलं.

चार वर्षं गेली. पुन्हा निवडणूक, पुन्हा गुरुवार. मेर्ल जेवायला बसला होता, मी पेपर उघडला. त्या लहान पक्षापुढे दोनचा आकडा.

"अरे वा! वर्लीनला चेला मिळाला," मी म्हणाले. "पास्टरच असणार. कोण रे हा दुसरा?"

मेर्लनं काटा ताटात ठेवला. "मी."

मला वाटलं थट्टा करतोय. मेर्ल थट्टा करत नाही.

"तिनं शिकवलं तुला?"

"चार वर्षांत ती माझ्याशी यावर एक शब्द बोललेली नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"'तिनं शिकवलं का' हेच तू आधी विचारलं असतंस म्हणून."

मी कोट न घालताच निघाले. नुकत्याच उगवलेल्या गव्हाच्या कडेकडेनं चालत तिच्या स्वयंपाकघरात शिरले. वर्लीन टेबलाशी बसली होती, समोर तोच पेपर.

"बन तुझे, वर्ग तुझा, देव तुझा!" मी ओरडले. "आता माझा नवराही तुझ्या पाठीमागं गेला. अजून काय हवंय तुला?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तो मेर्ल होता?"

"मग काय मी होते?"

"मला वाटलं..." तिनं पेपराची घडी घातली, पुन्हा उघडली. "मला वाटलं हार्लन असेल. सकाळपासून बसलेय. तो आत आला, कॉफी घेऊन गेला, पण विचारायचा धीर झाला नाही."

मी खुर्ची ओढून बसले. ती माझ्याकडे पाहत होती आणि ती नजर मला चांगली ओळखीची होती. तीस वर्षं मी तिच्याकडे तशीच पाहत आले होते.

"तुझं नशीब बघ," ती म्हणाली. "न मागता मिळालं तुला."

मी तिच्यापुढचा पेपर बाजूला सारला. मग मी सांगून टाकलं, "तेव्हा जिनीव्हाला मीच सुचवलं होतं. तुझ्या पाटीचं."

"माहीत आहे. तिनंच सांगितलं, त्याच आठवड्यात."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"रागावले होते की! दोन वर्षं तुझ्या बनांना चांगलं म्हणाले नाही."

"तू आधी तरी कुठं म्हणत होतीस?"

ती हसली, मग डोळे पुसले. मीही.

नव्या वर्षात पास्टर माझ्याकडे आले. वर्ग वर्लीनला परत द्यायला कुणाची हरकत नाही, तुम्ही काय म्हणता? खरं सांगते, मी नाही म्हणाले. चार वर्षं राबून उभा केलेला वर्ग मला सोडवला नाही. वर्लीनला कळलं तेव्हा ती म्हणाली, "मग मी ऐकायला येते." आणि आली. हार्लन अजून तिच्याशी त्या विषयावर बोलत नाही.

गेल्या रविवारी तिला उशीर झाला. बायका म्हणाल्या, "लुएला, कर सुरू." मी कागद जुळवले, चष्मा पुसला, खिडकी उघडली, परत लावली. ती आली, कोट काढून बसली, तेव्हा कुठं मी पहिली ओळ वाचली.