सहदेवकाकांचा उजवा पाय

गाडीत बसले की सहदेवकाका किल्ली फिरवण्याआधी ब्रेक दाबून बघत. समोर गणपती चिकटवलेला असे, पण त्याला नमस्कार नंतर. कोणी हटकलंच तर म्हणत, "देव मंग. आधी ब्रेक. देवालेही घरी पोचाचं असते गा."

काका आमचे शेजारी. सारी उमर इतवारीच्या बाजारात धान्याचा टेम्पो चालवण्यात गेली. हातगाड्या, सायकली, मधेच बसकण मारलेली गाय, आणि त्या गर्दीतून काका भरला टेम्पो अलगद बाहेर काढत. ब्रेक कधी एका दमात दाबत नसत. दाब-सोड, दाब-सोड. "एकदम दाबला तं चाक जाम होते, आन् जाम झालेलं चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही. ब्रेकले समजवा लागते." मी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे, दिवसभर लोकांच्या थापा ऐकते. काकांचं हे मात्र सोळा आणे खरं होतं. जुन्या गाडीपुरतं!

टेम्पो सुटल्यावर त्यांना एकच काम उरलं होतं, नात पिहूला शाळेत सोडायचं आणि आणायचं. अंगात ताप असला तरी उठून जात. मग मुलाने नवी गाडी घेतली. भाताच्या रोवणीच्या दिवसांत काका पिहूला घेऊन कुहीकडे पाहुणपणाला निघाले. ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्ताभर चिखल आणलेला. समोर बकरी आली. काकांनी सवयीने ब्रेक दाबला, तर पायाखाली पेडल धडधडायला लागलं. ब्रेक गेला असं वाटून त्यांनी पाय उचलला, पुन्हा दाबला, पुन्हा उचलला. गाडी रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन आदळली. पिहूचा ओठ फाटला, टाके पडले.

"अवं, मी असा पेडल उभ्या जन्मात नाही पाह्यला," काका मला सांगत होते. "मले सांग, काय खराबी होती?"

"खराबी नव्हती काका. तुम्ही दाब-सोड करता ना, तेच आता गाडी करते. पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकापाशी जोर लावतं. चाक जाम व्हायला लागलं की तिथल्या सेन्सरला कळतं. मग तेलाचा जोर क्षणभर सुटतो, पुन्हा लागतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत कितीदा तरी. म्हणून पायाला धडधड लागते. तुम्ही फक्त दाबून धरायचं आणि स्टिअरिंग वळवायचं. पाय उचलला की सगळा जोरच गेला."

"म्हणजे माह्यं काम ते करून राहिलं."

"आणि हर चाकाचं वेगळं."

"मले कुठले चार पाय, बाई!" हसले बिचारे. मग म्हणाले, "पोरगं म्हणते, आता पिहूले तुम्ही नका नेऊ. एकदा शिकव मले."

रविवारी कळमेश्वरच्या कारखान्यांकडचा रस्ता ओस असतो. काका, त्यांची सून अर्चना आणि मी गेलो. गाडी अर्चनालाही येत होती. रात्रीच्या पावसाने रस्ता ओला होता. मी "दाबा!" म्हटलं की काका दाबत. आधी पाय उचलला जाई, मग जमायला लागलं. पेडल धडधडे, काका दात आवळून पाय रोवून धरत. अर्चनाने तर टाळ्या वाजवल्या. मीही म्हटलं, "झालं काका, पास!"

"काहून पास? सांगून दाबलेल्या ब्रेकले का अर्थ आहे? बकरी काही सांगून येत नाही. न सांगता काहीतरी समोर टाकजो."

मी चिंध्या भरलेलं पोतं घेऊन झाडाआड उभी राहिले आणि गाडी जवळ येताच समोर फेकलं. दाब-सोड, दाब-सोड. गाडी पोत्यावरून गेली.

पुन्हा फेकलं. पुन्हा तेच.

काका उतरले. चाकाखालचं पोतं ओढून काढलं, त्यावरचा चिखल झटकला. मी म्हटलं, "होईल काका, दोन-चार रविवार आणखी..."

"डोक्याले समजलं, पायाले नाही समजत," ते शांतपणे म्हणाले. "ते पोतं नव्हतं वं. माह्या डोळ्यासमोर पिहू होती." मग सुनेकडे किल्ली धरली. "अर्चना, बस इथं. धडधड झाली तं भिऊ नको. दाबून धर आन् वळव."

तिच्यासमोर पोतं त्यांनीच फेकलं, अगदी न सांगता. अर्चना किंचाळली, पण दाबलेला पाय हलला नाही. गाडी पोत्याला वळसा घालून थांबली. "शाब्बास माह्ये बाई!" काका ओरडले आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ उभे राहिले. मला रडू आलं. सांगायला लाज कसली?

सोमवारी सकाळी मी दारात होते. पिहू दप्तर घेऊन आली, आईला स्टिअरिंगवर बघून तिथेच अडली. "आबा, तुम्ही नाही चालवत?"

"तुह्या मायचा पाय माह्याहून पक्का आहे," काका म्हणाले, आणि मागचं दार उघडून नातीशेजारी जाऊन बसले.